औषध दिलं नाही, बसवून घेतलं

प्रिय भद्रा,

पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय म्हणून हसू नकोस. पिशवीत एवढेच होते. प्रत्येक पानाच्या मागं शांतलिंग डॉक्टरांच्या रजिस्टरची झेरॉक्स आहे. माझा कंटाळा आला तर आधी ती बाजू बघ. अक्षर तुझ्यापेक्षा वाईट आहे, आणि तुझ्यापेक्षा वाईट अक्षर मी शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. तुझा फोन चार महिने बंद आहे. चालू असता तरी मी लिहिलंच असतं. बोलायला लागले की मला सल्ले सुचतात, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार? लिहिताना निदान खोडता येतं.

आण्णा बरे आहेत. त्यांना मी सांगितलंय की तू पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला गेला आहेस आणि तिथं फोन जमा करून घेतात. मास्तर माणूस. खोटं बोलणाऱ्या पोरांना ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्यांना तेच स्वतःहून सांगू लागले, तेव्हा मला कळलं की त्यांना कळलंय. रोज संध्याकाळी विचारतात, "भद्राचं काय?" मी म्हणते, "बरं आहे." मग ते बातम्यांचा आवाज वाढवतात. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकमेकांपासून तोंड लपवून हिंडतोय.

तू निघून गेल्यापासून मी डॉक्टरांच्या मागे लागले आहे. येळंबीत त्यांच्या जुन्या दवाखान्याच्या जागी स्मारक होणार आहे, आपले उत्तरेश्वरकाका समितीचे अध्यक्ष आहेत, आणि चरित्र लिहायचं काम माझ्याकडे आहे. कॉलेज सुटलं की मी धाराशिवहून एसटी धरते, नळदुर्गला येते, येळंबीला जाते, म्हाताऱ्या माणसांची दारं वाजवते. लोकांना वाटतं बाईला पुस्तकाची फार घाई आहे. घाई होती, पण पुस्तकाची नव्हती.

डॉक्टरांची गोष्ट तुला माझ्याआधी पाठ झाली. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. मी तुला भात भरवत असे आणि आण्णा समोर बसून गोष्ट सांगत. निजामाच्या राज्यात पटकीची साथ आली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं शेजारच्या गावानं मरीआईचा गाडा सजवला, देवीला साडीचोळी नेसवली, रोग तिच्याबरोबर गावाबाहेर जावा म्हणून घराघरातनं काहीबाही त्यावर वाहिलं, आणि वाजतगाजत आणून तो गाडा येळंबीच्या शिवेवर सोडून दिला. आता येळंबीनं तो पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलायचा. पण हैदराबादेत शिकून आलेले शांतलिंग डॉक्टर आडवे झाले. गाडा त्यांनी दवाखान्याच्या अंगणात ओढून आणला आणि म्हणाले, आई माझी पाहुणी आहे, ती इथंच राहील. साथ पुढं गेली नाही. गाव वाचलं. बदल्यात देवीनं डॉक्टरांची सहा वर्षांची महादेवी नेली. लेकीला मूठमाती देऊन डॉक्टर घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दवाखाना उघडा. आण्णा त्या 'आठ वाजता'वर नेहमी थांबायचे. तुझ्या तोंडातला घासही थांबायचा. पुढं तुझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर देवाचा फोटो नव्हता, डॉक्टरांचा होता. आणि आठ वर्षांपूर्वी ती गोष्ट मीच रविवारच्या पुरवणीत छापून आणली. छान लिहिली होती, सगळे म्हणाले.

आता जे लिहायचंय ते मी दोनदा लिहून दोनदा खोडलं. खोडलेलं दिसेलच तुला. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला होता. ती बाळंतीण आणली तेव्हाच तिचं अंग गार पडत होतं, रक्त धाराशिवहून यायचं होतं, गाडी वाटेतच होती तोवर ती गेली, हे सगळं मला नंतर चौकशीच्या कागदावरून कळलं. फोनवर तू यातलं काही बोलला नाहीस. तिच्या माणसांनी तुझ्या खोलीचं दार उखडलं, तुला ओढत बाहेर नेलं आणि तिच्या पायाशी तुझं डोकं दाबून धरलं, ते मी आधीच पाहिलं होतं. अठ्ठावीस सेकंद. माझ्या वर्गातल्या मुलींच्या फोनवर होतं ते. तू एवढंच म्हणालास, "अक्का, मी उद्या जाणार नाही." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "भद्रा, डॉक्टरांची तर मुलगी गेली होती." पुढचं बोलायची गरज नव्हती. तू म्हणालास, "बरं." दुसऱ्या दिवशी आठला तू भूमच्या त्या दवाखान्यात होतास. अकरा दिवस गेलास. त्या अकरा दिवसांत तुझ्यासमोर कोण येऊन बसलं, कुणी काय बोललं, तुझे हात कसे चालले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, गोष्ट लागू पडली. बाराव्या दिवशी तू कुणाला न सांगता निघून गेलास.

म्हणून मी हिंडत होते. तुझा शोध दोन आठवड्यांत लागला होता. तू नळदुर्गला, तुझ्या दोस्ताच्या, नंदीशच्या धाब्याच्या गच्चीवरच्या खोलीत आहेस हे त्यानंच मला सांगितलं, आणि "अक्काला वर येऊ देऊ नको" हा तुझा निरोपही. मी तो पाळला. वर येता येईना, म्हणून मी त्या गोष्टीचा पुरावा शोधत राहिले. खरं सांगू? मला सिद्ध करायचं होतं की तुला सांगितलं ते खरं होतं. एखादी नोंद, एखादी तारीख, एखादा माणूस, जो म्हणेल की हो, दुसऱ्या दिवशी आठला दवाखाना उघडा होता. म्हणजे निदान मी तुला खोटं सांगून तरी पाठवलं नव्हतं.

रजिस्टरं नळदुर्गलाच सापडली. डॉक्टरांच्या पुतण्याच्या घरात, माळ्यावर, लग्नाच्या पातेल्यांखाली पत्र्याची पेटी होती. रकान्यांची छापील नावं उर्दूत, ती मला धाराशिवच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी सांगितली. आतलं सगळं डॉक्टरांच्या हातचं, मोडीत. अनुक्रमांक, नाव, वय, दुखणं, औषध, आणि शेवटच्या रकान्यात 'बरा' किंवा 'फौत', म्हणजे गेला. फसली साल तेराशे पंचेचाळीस, आपल्या हिशेबानं १९३६चा उन्हाळा. मी बोट ठेवत ठेवत खाली आले. दोनशे बारा: महादेवी, वय सहा, पटकी. कुणाची कोण, ते लिहिलेलं नाही. औषधाचा रकाना काठोकाठ भरलेला. शेवटचा रकाना रिकामा. समासात एकच शब्द: हरभरे. आणि पुढचं पान कोरं. त्याच्या पुढचं कोरं. रोजचं एक पान असायचं, भद्रा. मी एकेचाळीस कोरी पानं मोजली. पहिल्यांदा मोजली तेव्हा वाटलं चुकलं. दुसऱ्यांदा मोजली तेव्हाही एकेचाळीसच भरली.

हरभऱ्याचं कोडं सुटेना म्हणून मी सिताबाईंकडे गेले. पंच्याण्णव वर्षांच्या आहेत, किल्ल्याच्या बाजूला नातवाकडे राहतात, महादेवीबरोबर खेळलेल्या. आधी त्यांनी माझीच चौकशी केली. "कुनाची गं तू? येळंबीच्या मास्तरची? त्यो काळा मास्तर व्हय? लई मारायचा माझ्या पोराला. जित्ता हाय का?" जित्ते आहेत म्हटलं. "आसू दे," म्हणाल्या, "आता मारत न्हाय ना?" मग हरभऱ्याचं विचारलं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी गाडा अंगणात घेतला तो काही देवीवरच्या भक्तीनं नाही. गाड्याबरोबर येणारी माणसं वाटेतल्या प्रत्येक विहिरीवर पाणी पितात, तिथंच हातपाय धुतात आणि रोग असाच गावोगाव जातो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांना गाडाही थांबवायचा होता आणि विहीरही बंद करायची होती. गाव विहीर सोडायला तयार नव्हतं. शेवटी बायकांनी अट घातली. सिताबाईंच्या शब्दांत सांगते: "बाया म्हनल्या, डाक्टर, हीर बंद करा, आमी नदीचं उकळून पिऊ. पर आई तुमच्या दारात थांबली, आता हे तिचं म्हायेर. म्हायेरची लेक तिच्या म्होरं बसायला पायजे, न्हायतर आईचा कोप हुईल." डॉक्टरांनी मान्य केलं. एका दुपारचा तर प्रश्न. गाडा त्यांनी स्वतः औषधाच्या पाण्यानं धुतला, साडी उकळली, बांगड्या उकळल्या, नारळ फेकून दिले. मग महादेवीला आणि तिच्या जोडीला सिताबाईंना पाटावर बसवलं. देवीच्या ओटीत, साडीच्या आतल्या घडीत, पुरचुंडी बांधून भिजवलेले हरभरे ठेवायची गाडा सोडणाऱ्या त्या गावाची रीत होती. डॉक्टरांच्या घरात ती रीत नव्हती, त्यामुळं त्यांना ते माहीत नव्हतं. साडी उकळायला काढली तेव्हा कुणीतरी बाईनं, देवीचा प्रसाद कसा उकळायचा म्हणून, पुरचुंडी सोडवून बाजूला ठेवली आणि साडी पुन्हा नेसवल्यावर होती तिथं ठेवून दिली. "म्या बी खाल्लं, तिनं बी खाल्लं," सिताबाई म्हणाल्या. "गोड लागत हुतं. म्या ऱ्हायले."

येळंबीत त्या उन्हाळ्यात अकरा माणसं गेली. शेजारच्या गावात पंच्याहत्तरच्या वर. म्हणजे विहीर बंद केली ते बरोबर होतं, गाडा अडवला ते बरोबर होतं, आणि त्याच माणसाच्या हातून त्याच दिवशी पोटची पोर गेली, तीही गावाचं मन राखायला एक पाऊल मागं आल्यामुळं. भद्रा, तुझ्या हातून त्या दिवशी काही चुकलं की नाही, मला माहीत नाही. चुकलंही असेल. मी तुला आता 'तुझी काही चूक नव्हती' असं सांगणार नाही. ते तुला सगळ्यांनी सांगितलं आणि त्यातलं काही तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

मघाशी तू खोकलास. त्या आवाजावर मी हे पान लिहायला घेतलंय. ओळी वाकड्या होताहेत, सांभाळून घे.

एकेचाळीस पानांनंतर रजिस्टर पुन्हा सुरू होतं, पण अक्षर दुसरं. मोठं, गोल, लहान मुलाच्या पाटीवरचं असतं तसं, आणि लिपी कानडी. डॉक्टरांची बायको चन्नम्मा आळंदकडची. मला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून ती पानं मी नंदीशकडे घेऊन आले. खाली धाब्यावर, भट्टीशेजारच्या टेबलावर बसून त्यानं ती मला वाचून दाखवली. तू तेव्हा आमच्या डोक्यावर होतास. बाहेर ट्रकवाले चहासाठी ओरडत होते आणि नंदीश पिठाचे हात पुसत एकेक ओळ लावत होता. शब्द मराठी होते, तिला येत होते तसे. नाव, गाव, दुखणं, आणि शेवटच्या रकान्यात दर ओळीला तेच: औषध दिलं नाही, बसवून घेतलं. औषध दिलं नाही, बसवून घेतलं. रोज तीन-चार माणसं. असे एकोणीस दिवस. नंदीश मध्येच थांबला आणि म्हणाला, "अक्का, हिला औषध येत नव्हतं तर ही दार उघडून बसली कशाला?" तेच विचारायला मी पुन्हा सिताबाईंकडे गेले.

त्यांना ते माहीत होतं. "डाक्टर आतल्या खोलीत. कडी लावून. कुनाला तोंड दावीना. चन्नम्मा भाईर, दाराला पाठ लावून बसायची. कुनी आलं की इचारायची, काय दुखतंय, कवाधरनं दुखतंय. लई मोट्यानं इचारायची. आमाला वाटायचं बाईला ऐकू कमी येतंय. मंग एक दिस कळलं, ती आमाला इचारत नव्हती, आत सांगत हुती." एकोणिसाव्या दिवशीची नोंद या पानाच्या मागंच आहे, बघ. तिच्या कानडी अक्षरात: मुलगा, वय नऊ, पोट दुखतं, कैरी खाल्ली. आणि तिच्याखाली, दोन महिन्यांनी पहिल्यांदा, मोडीत, डॉक्टरांच्या त्या भयंकर अक्षरात तीन शब्द: कैरी नव्हे, जंत.

मी ते वाचून हसले, भद्रा. आणि मग धाब्यावरच्या सगळ्यांसमोर रडले. नंदीशनं घाबरून मला ताक आणून दिलं. कसला आला वीर पुरुष? पोरगी गेल्यावर साठ दिवस अंधारात पडून राहिलेला माणूस, आणि तो उठला ते व्रत म्हणून नाही, कर्तव्य म्हणून नाही. बायको चुकीचं लिहितेय हे त्याला सहन झालं नाही, म्हणून. पुढच्या दिवशी पुन्हा सगळं तिच्याच अक्षरात आहे. मग तीन दिवसांनी त्याची एक ओळ. मग दोन. वेळ कुठंच लिहिलेली नाही. दवाखाना एक दिवससुद्धा बंद नव्हता असं गाव म्हणतं, तेही खरं नाही. एकेचाळीस दिवस बंद होता, आणि नंतर उघडा होता तो त्याच्यामुळं नव्हे.

हे मी उत्तरेश्वरकाकांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी फोडली आणि म्हणाले, "शिवू, तू शिकलेली बाई. पर मला सांग, पुतळा उभा बसवायचा ठरलाय. आता काय खाटंवर झोपलेला बसवू?" मी म्हटलं, दारात बसलेल्या चन्नम्मांचा बसवा. ते हसले. "बाईनं औषध तर दिलं न्हाय म्हनतीस. नुसतं बसलीच की." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "लोकान्ला आठ वाजता उठनारा मानूस पायजे गं. त्याच्यावर पोरं शिकत्यात." मी म्हटलं, काका, त्याच्यावर माझ्या घरचं एक पोर मोडलं. पुस्तक मी सोडलं आहे. त्यांना जे छापायचं ते छापू देत.

आता हे आज, इथं का लिहितेय ते. परवापासून नंदीशनं तुझ्या दाराशी ठेवलेली ताटं तशीच खाली येताहेत. काल तू बाहेर एक पिशवी ठेवलीस: घड्याळ, पदवीची प्रमाणपत्रं, बँकेचं पासबुक, आणि वर चिठ्ठी, 'अक्काला दे'. आज सकाळी त्यानं दार वाजवलं तर तू म्हणालास, "कुणी वर येऊ नका." मी दहाच्या एसटीनं उतरले आणि आज पहिल्यांदा तुझा निरोप मोडला. तुझ्या दाराबाहेर, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून मी हे सगळं लिहिलं, आणि लिहून झालं तसं एकेक पान दाराखालून आत सरकवलं. ती तू उचललीस की पंख्याच्या वाऱ्यानं पुढं गेली, मला दिसत नाही. तू खोकलास त्यालाही आता बराच वेळ झाला. खाली नंदीश आणि दोघं जण कटावणी घेऊन उभे आहेत. दोन मिनिटांत दार काढतो म्हणतात. मीच अडवून धरलंय. एकदा माणसं दार उखडून तुझ्यावर आली आहेत, ते मला पुन्हा तुझ्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. पण मी चन्नम्मा नाही, भद्रा. माझ्यात साठ दिवसांचा धीर नाही, एका तासाचाही उरलेला नाही. हे पान संपलं की मी त्यांना हाक मारणार आहे, आणि तू त्यासाठी मला कधी माफ केलं नाहीस तरी चालेल. त्याआधी एवढंच कर. तुला भूमला जायचं नाही, कुठंच जायचं नाही, उद्याचं काही ठरवायचं नाही, दार उघडायचंही नाही. हे शेवटचं पान मी अर्धंच आत सरकवते आहे. दुसरं टोक माझ्या बोटांत आहे. ओढ.

तुझीच,
अक्का